एनएसजी पाठ केली, पण तिची गोष्ट ठाऊक आहे?

अकोला-अमरावतीतल्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स उघडा. एनपीटी, सीटीबीटी, एनएसजी ही नावं एका रांगेत सापडतीलच. पाठ केलं, पेपरात टिक केलं, विसरलो. पण राजेहो, यातल्या एनएसजीची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू होते.

ट्रॉम्बेला १९६० मध्ये ‘सायरस’ अणुभट्टी सुरू झाली. भट्टीसाठी मदत कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं. बोली अशी, की वापर शांततेसाठीच करायचा. आता गंमत बघा. अणुभट्टीत युरेनियम वापरलं, की त्यातून प्लुटोनियमही तयार होतं. ते वेगळं काढलं, की बॉम्बचा कच्चा माल हाती येतो. सायरसमधलंच प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजी पोखरणला वापरलं गेलं.

भारताने त्याला ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटलं. जगाला ते पटलं नाही. कॅनडाने सहकार्य थांबवलं. अणुसाहित्य विकणारे देश एकत्र आले आणि विक्रीचे नियम कडक झाले. तीच ही एनएसजी. झळ बसली तारापूरच्या वीज केंद्राला. अमेरिकेकडून येणारं इंधन अडलं, शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सने ते द्यायचं मान्य केलं.

भारताचीही बाजू आहे. चीनने १९६४ मध्येच स्फोट केला होता. एनपीटी करार १९६७ पूर्वी स्फोट केलेल्या पाचच देशांना अण्वस्त्रधारी मानतो. बाकीच्यांनी हात बांधून बसायचं, हा कुठला न्याय? पण शेजाऱ्यानेही तसाच विचार केला. मे १९९८ मध्ये आपण पुन्हा चाचण्या केल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केल्या. आज अण्वस्त्रं असलेले देश नऊ आहेत. एकाची सुरक्षा दुसऱ्याची भीती होते, अन् भीतीतून पुढचा बॉम्ब तयार होतो.

ही साखळी तुटेल तेव्हा तुटेल. तोवर छोट्या गोष्टीच कामी येतात. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, तरी पुढच्या १ जानेवारीला यादी दिली गेलीच.

तेव्हा नव्या वर्षाचे मेसेज फॉरवर्ड करून झाले, की पेपरात ही बातमी शोधा. चार ओळींचीच असते. पण ती छापून आली, म्हणजे दोघांत निदान एवढं बोलणं तरी सुरू आहे.