पाणी गेलं की तुकडी कुरकुरीत

मुंबई-कोकणातून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेल्या मराठी घरात एकदा तरी तक्रार निघते, की इथं तुकडी तशी कुरकुरीत होतच नाही. मग दोषाचे धनी शोधले जातात. समुद्र लांब, मासा शिळा, शहर उंचावर, तेल वेगळं. यातलं बरंचसं तपासून पाहता येतं.

पहिली तक्रार समुद्राची. बेंगळुरूपासून मंगळूर आणि चेन्नई, दोन्ही साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. बर्फात घातलेला मासा रात्रीच्या ट्रकमधून निघतो आणि पहाटे शिवाजीनगरच्या रसेल मार्केटमध्ये पोहोचतो. 1927 साली उभारलेल्या या मंडईत सुरमई ‘अंजल’ म्हणून, बांगडा ‘बंगुडे’ म्हणून आणि मुडदुशी ‘काणे’ म्हणून मागितली, की व्यवहार सोपा होतो. दोन किनाऱ्यांच्या मधोमध असल्याचा या शहराला एक फायदाही आहे. यांत्रिक मासेमारीची बंदी पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असते आणि पूर्वेला 15 एप्रिल ते 14 जून. दोन्हीकडच्या यांत्रिक बोटी एकाच वेळी बंद असतात त्या फक्त जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. लांबून आला म्हणून मासा शिळा ठरत नाही. डोळे चमकदार, कल्ले लाल आणि दाबल्यावर मांस परत वर येतंय, एवढं बघून घ्यावं.

उंचीचा आरोप जरा शास्त्रीय वाटतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच, त्यामुळे पाणी तिथं 97 अंशांच्या आसपास उकळतं आणि उघड्या पातेल्यातली डाळ शिजायला वेळ घेते, हे खरंच. पण तेल उकळत नसतं. गॅसवरचं तेल मुंबईत 175 अंशांपर्यंत तापतं तसं बेंगळुरूतही तापतं. तळणीत काय होतं ते पाहिलं तर बाकीचे गैरसमज आपोआप सुटतात. माशाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. कढईत दिसणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ. पृष्ठभाग कोरडा झाला की कवच तयार होतं. म्हणजे कुरकुरीतपणा हा मुळात पाण्याचा हिशेब आहे, पीठ आणि मसाला त्यानंतर.

म्हणूनच ‘मासा रात्रभर मुरवला तर छान लागतो’ ही समजूत महागात पडते. आगळ, चिंचेचा कोळ किंवा लिंबू माशाचा उग्र वास मारतात, कारण तो वास देणारं रसायन आम्लाने निष्प्रभ होतं. पण तेच आम्ल जास्त वेळ राहिलं तर मांस पिठूळ होतं, आणि मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. सुटलेलं पाणी निथळून टाकायचं, मसाला घट्ट ठेवायचा, रवा अगदी तळायच्या आधी लावायचा. बोंबील तर बराचसा पाणीच असतो. घरोघरी तो चिरून पाट्याखाली दाबून ठेवतात, ते उगाच नाही.

रवा की तांदळाचं पीठ, यावर भांडणं होतात. रवा जाडसर, दाताखाली करकरतो. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसल्याने कवच पातळ आणि ठिसूळ होतं. दोन्ही मिसळायला कुणाची हरकत नसावी. मंगळुरी काणे-रवाफ्राय आणि मालवणी मुडदुशी यांतलं अंतर तव्यावर तरी फारसं नाही.

‘मंद आचेवर तळलं की तेल कमी लागतं’ हा गैरसमज फार चिवट. थंड तेलात पाणी हळू निघतं, कवच उशिरा धरतं आणि तुकडी तेलकट होते. चिमूटभर रवा टाकल्यावर लगेच फसफसून वर आला तर तेल तयार. कढई गच्च भरली तरी तेलाचं तापमान कोसळतं, म्हणून दोन-तीन तुकड्याच एका वेळी. तव्यावर मात्र आच मध्यम हवी, नाहीतर तिखट जळतं आणि आत मासा कच्चाच. तवा नीट तापण्याआधी तुकडी टाकली, की ती हमखास चिकटते; खाली कवच धरेपर्यंत उलटण्याची घाई नको. बऱ्याच तुकड्या इथंच मोडतात.

आणखी एक. बटाट्याच्या तळणीवरच्या अभ्यासांत आढळलं आहे, की बरंचसं तेल पदार्थ कढईत असताना आत शिरत नाही. बाहेर काढल्यावर थंड होताना आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे झाऱ्यावर तुकडी कढईवरच झटकून निथळवावी आणि जाळीवर उभी टेकवावी. कागदावर आडवी पसरली, वर झाकण ठेवलं, तर तिचीच वाफ तिला मऊ करते.

शिळी तुकडी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली तरी कुरकुरीत होत नाही, ती याच कारणाने. तो आतलं पाणी तापवतो आणि कवच ओलं करतो. कोरड्या तव्यावर, दोन्ही बाजूंनी मिनिटभर, झाकण न ठेवता.