नाक आधी पोचलं, तो जिंकला!

बैलगाडा घाटात निकाल सेकंदांवर लागतो, ते समजू शकतं. पण सुमारे सोळाशे किलोमीटर बर्फ तुडवून, चौदा दिवस आणि वर अठरा तास घालवून एका सेकंदाने हरायचं? अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीत १९७८ साली रिक स्वेन्सनचं नेमकं हेच झालं. डिक मॅकीच्या म्होरक्या कुत्र्याचं नाक रेषेपलीकडे आधी गेलं होतं. पंचांनी नाक धरलं, माणूस सोडला!

मॅकी तेव्हा १३ नंबर लावून धावला होता. पुढे १९८३ मध्ये त्याचा मुलगा रिक आणि २००७ मध्ये दुसरा मुलगा लान्स जिंकला, दोघेही १३ नंबरवरच. वर तिघांचीही ती सहावी इडिटारॉड! तेरा आकड्याला नाक मुरडणाऱ्यांनी या घराण्याला एकदा विचारून घ्यावं.

सिनेमातले निळ्या डोळ्यांचे रुबाबदार हस्की इथे फारसे दिसत नाहीत. धावणारी बहुतेक कुत्री सडपातळ, मिश्र वंशाची. त्यांना लगाम नसतो. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे, बस्स. खुराक मात्र दिवसाला दहा हजार कॅलरींच्या घरात. प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट स्लेजमध्ये असावेच लागतात. मुक्कामाला पोचल्यावर आधी कुत्र्यांचं जेवण, त्यांच्यासाठी गवताचं अंथरूण, त्यांचे पाय तपासणं. मालकाची झोप त्यातून उरली तर. आणि थकलेल्या कुत्र्याला विमानाने माघारी पाठवतात, मालक मात्र स्लेजवरच! अर्थात, या शर्यतीत कुत्री दगावलीही आहेत. प्राणिप्रेमींचा विरोध काही उगाच नाही.

नियमावलीतला सर्वांत अफलातून नियम मूसचा. हे घोड्याएवढं सांबर कुत्र्यांवर चालून आलं आणि जिवावर बेतलं म्हणून मारावं लागलं, तर मांस वाया जाऊ नये म्हणून त्याचं पोट तिथेच साफ करायचं. मागून येणाऱ्यांनीही शक्य तेवढा हात लावायचा! २०२४ मध्ये डॅलस सीव्हीने हे काम अर्धवट केलं म्हणून त्याला दोन तासांचा दंड बसला. तरी पठ्ठ्या जिंकलाच, तोही विक्रमी सहाव्यांदा.

वाटेतल्या यूकॉन नदीवर सर्वांत आधी पोचणाऱ्याचा मान आणखी चविष्ट. एका हॉटेलचा शेफ त्याला साग्रसंगीत मेजवानी वाढतो, एकामागून एक पदार्थ. इतके दिवस गोठलेलं अन्न वितळवून खाल्लेल्या माणसाला!

बर्फाचं म्हणाल, तर अँकरेज शहरात समारंभी सुरुवातीसाठी तो रस्त्यावर मुद्दाम आणून पसरतात. २०१६ साली शहरात पुरेसा बर्फच नव्हता, म्हणून फेअरबँक्सहून चक्क आगगाडीने मागवला.

शर्यत संपते ते नोम गाव १९२५ च्या घटसर्पाच्या साथीमुळे गाजलं. तेव्हा स्लेजवरून औषध पोचवणाऱ्या कुत्र्यांपैकी शेवटचा टप्पा धावलेल्या बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा राहिला. सर्वांत लांबचा टप्पा मात्र टोगोने काढला होता. आमचं मत टोगोला.

आणि हो, १९८० च्या दशकाच्या अखेरीस जॉन सूटर नावाच्या गृहस्थाने स्लेजला चक्क पूडल जुंपले होते! त्यानंतर नियम आला: फक्त उत्तरेकडच्या थंडीला सरावलेल्या जातीच चालतील.