कापसाच्या वाटेने ताजमहालात

मुंबई पाहिली नाही असा माणूस आमच्या खामगावात शोधून सापडायचा नाही. कुणी मंत्रालयातल्या कागदामागे गेलेला असतो, कुणी दुखणे दाखवायला, तर कुणी पुतणीच्या लग्नाला. डोंबिवलीला नाही तर कल्याणला नात्यातल्या कुणाच्या दोन खोल्यांत पथारी पसरायची, एक रविवार काढून राणीचा बाग, चौपाटी आणि गेट-वे उरकायचे, आणि गेट-वेपाशी उभे राहून फोटो काढायचा, हा आमच्या मुंबई-दर्शनाचा ठरलेला क्रम. त्या फोटोत पाठीमागे लाल घुमटाची एक भलीमोठी इमारत हटकून येते. घरोघरच्या आल्बमात ती आहे. पण तिच्या आत काय असेल, असे विचारण्याचे कुणाला सुचत नाही. पाहण्याच्या जागा वेगळ्या आणि राहण्याच्या जागा वेगळ्या, हे आपल्या मध्यमवर्गाला न शिकविताच समजलेले असते.

त्या इमारतीत, म्हणजे ताजमहाल हॉटेलात, दोन रात्री राहण्याचा योग आम्हा उभयतांना आला. लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून पुण्याच्या चिरंजीवांनी परस्पर खोली ठरविली, पैसे भरले, आणि मग कळविले. आमचे ‘हे’ खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत ग्रेडर होते. कापसाचा पुंजका चिमटीत धरून ओढला की धागा किती लांब, हे डोळे मिटून सांगणार. बातमी ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “एका रात्रीचे किती?”

चिरंजीवांनी कर धरून बत्तीस हजार सांगितले. यांनी मनाशी हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला सरकारने ठरविलेला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. “म्हणजे एका रात्रीचे चार क्विंटल! अवं, कोरडवाहूत बरं वर्ष असलं तर एका एकरात तेवढंच निघते.” एका एकराची वर्षाची मेहनत एका झोपेत संपवायची, ही कल्पना त्यांना सोसवेना. भरलेले पैसे आता परत मिळायचे नाहीत असे कळले, तेव्हा कुठे बॅग भरली गेली.

शेगावला रात्री गाडीत बसले की सकाळी मुंबई. इतका हा प्रवास आज सोपा आहे. पण या मुलखात आगगाडी आली ती माणसांच्या सोयीसाठी नव्हे, कापसासाठी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मग इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असे करीत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगाव तेव्हा वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ. परंतु मुख्य मार्ग काही मैलांवरून निघून गेला होता. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा काढला, आणि १८७० साली तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठेक मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉय! त्या काळी कापसाच्या गाठीला काय मान होता, तो यावरून समजावा.

त्या गाठी जिथे उतरत, त्या बोरीबंदरावरच आम्हीही सकाळी उतरलो. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या आणि १८८७-८८ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या स्थानकाला २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. घाईने बाहेर पडणाऱ्या लाखो माणसांपैकी मान वर करून त्या दगडी पानाफुलांकडे पाहणारी आम्ही दोघेच असू. मागच्या बाईंनी “काकू, चला ना पुढे!” म्हणून ते दर्शन आटोपते घेतले.

टॅक्सीवाल्याला ‘ताज’ म्हणून सांगितले, तेव्हा त्याने आमच्या बॅगेला गुंडाळलेल्या सुतळीकडे एकदा पाहिले, पण गाडी मात्र थेट दारापर्यंत नेली. दारात सामान यंत्रातून जाते, आपल्यालाही तपासतात. त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री या इमारतीत अतिरेकी शिरले, आणि २९ तारखेच्या सकाळपर्यंत येथे गोळीबार आणि आग चालू होती. पाहुण्यांना वाचविताना इथल्या नोकरवर्गातील माणसांनी प्राण दिले. गेलेल्यांच्या नावांचे स्मारक आत आहे. जळालेला जुना महाल दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला. त्या स्मारकापुढे आम्ही हात जोडले, आणि मग झुंबरांकडे, गालिच्यांकडे पाहायला लागलो.

पण सर्वांत पाहण्याजोगा आहे तो जुन्या महालातला जिना. खाली खांबाचा आधार नाही, भिंतीतून निघून तो अधांतरी वर चढत जातो, आणि त्याच्या वाटेवर जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे. या इमारतीचा मूळ आराखडा करणाऱ्या दोघांपैकी एक मराठी माणूस होता, सीताराम खंडेराव वैद्य. दुसरे डी. एन. मिर्झा. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने काम तडीस नेले. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि म्हणून वास्तुविशारदाने समुद्रात उडी घेतली, ही गोष्ट गेट-वेवर हमखास ऐकायला मिळते. ती निव्वळ कहाणी आहे. दार शहराकडे आणि जास्तीत जास्त खोल्या समुद्राच्या वाऱ्याकडे, ही योजना विचारपूर्वक केलेली होती. १६ डिसेंबर १९०३ रोजी अवघ्या सतरा पाहुण्यांनिशी हॉटेल उघडले. विजेचे दिवे, पाळणे, पंखे ही तेव्हाची नवलाई. पुढे पहिल्या महायुद्धात याच महालाचे सहाशे खाटांचे इस्पितळ झाले होते.

जिना चढताना ‘हे’ जमशेटजींच्या पुतळ्यापाशी थांबले आणि म्हणाले, “यांचं अन् आपलं जुनं नातं हाय.” मी चमकलेच! पण ते अगदी खोटे नव्हते. जमशेटजींनी नाव आणि पैसा मिळविला तो कापडाच्या धंद्यात. मुंबईच्या इतर शेटजींप्रमाणे मुंबईतच न थांबता ते कापूस पिकतो त्या मुलखाकडे गेले, आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. ती गिरणी आता बंद पडली आहे. पण तिने टाटांचे बस्तान बसविले, आणि त्यानंतर सव्वीस वर्षांनी हे हॉटेल उभे राहिले. हॉटेल उघडल्यावर पाच महिन्यांतच, मे १९०४ मध्ये, जमशेटजी वारले. या संगमरवराखाली विदर्भाच्या कापसाचाही एक थर आहे, असे कुणी म्हटले तर त्याला अतिशयोक्ती म्हणवत नाही.

खोलीचे वर्णन मी थोडक्यात करते, कारण वाचणाऱ्या भगिनींना उगीच हुरहूर लागायची. खिडकीत गेट-वे आणि पलीकडे नांगरलेल्या बोटी. स्नानगृह आमच्या स्वयंपाकघराहून मोठे. उशा इतक्या, की चार माणसांत वाटाव्यात. यांनी मात्र समुद्राकडे पाठ फिरवून आधी चादरीचे टोक बोटांत चोळले. “लांब धाग्याचं सूत हाय. आपल्या इकडचं नाई.” पहिल्या रात्री बराच वेळ ते पलंगाच्या कडेला बसूनच होते. चार क्विंटलांवर पाठ टेकायची, म्हणजे साधी गोष्ट नव्हे!

सकाळी चहा आला. चांदीसारखी चकाकणारी किटली, आणि आम्ही पडलो चांदीच्या खामगावची माणसे. मी ती नखाने वाजवून पाहिल्याशिवाय कशी राहीन? “ठेव बापा इथंच,” असे यांनी म्हणताच चहा घेऊन आलेला तरुण हसला. “काका, वऱ्हाडातले का तुम्ही?” तो लोणारकडचा निघाला. तीन एकर शेत, पूर्वी कापूस, आता सोयाबीन. संभाजीनगरला हॉटेलचे शिक्षण घेऊन इकडे आलेला. “मायले फोटो पाठवला,” तो म्हणाला, “तर माय म्हणे, एवढं मोठं घर झाडते कोण?” आम्ही तिघेही खळखळून हसलो. मग यांनी विचारले, “शेतीत परत येशील का?” त्याने कप बशीत नीट ठेवला आणि हळूच म्हणाला, “काका, घरी पैसे पाठवतो म्हणून शेत शिल्लक हाय.” या वाक्यावर आमच्यापैकी कुणालाच काही बोलता आले नाही.

त्या दिवशी आम्ही पायीच भटकलो. गेट-वे तर समोरच. १९११ साली पंचम जॉर्ज इथे उतरले, त्याची ही आठवण; पण जॉर्ज विटेट यांची ही कमान पुरी होऊन उघडली ती डिसेंबर १९२४ मध्ये, म्हणजे हॉटेलानंतर तब्बल एकवीस वर्षांनी. आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये याच कमानीखालून शेवटचे ब्रिटिश सैन्य निघून गेले. शेजारी २६ जानेवारी १९६१ रोजी बसविलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. जिजाऊंचा जन्म आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचा. तेव्हा आजोळच्या माणसांनी करावा तसा आम्ही नमस्कार केला.

तिथून चालत ओव्हल मैदान. त्याच्या एका अंगाला राजाबाई टॉवर. २८० फुटांचा हा मनोरा १८७८ साली पुरा झाला, तो प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या दोन लाखांच्या देणगीतून. हा पैसाही कापसाचाच! अमेरिकन युद्धाच्या वर्षांत मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, बँका आणि कंपन्या भूछत्रांसारख्या उगवल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि मुंबईचे मोठमोठे धनी एका उन्हाळ्यात भिकेला लागले. भाव पडला की काय होते, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. फरक एवढाच, की शहराने त्या पैशाचे मनोरे तरी उभे करून ठेवले.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जावे असे माझे मत. यांनी मात्र हट्ट धरला, “मला कॉटन ग्रीन दाखव.” चाळीस वर्षे भाव ज्या मुंबईहून येत, तिथला कापसाचा बाजार यांनी कधी पाहिला नव्हता. पूर्वी हा बाजार कुलाब्याला भरे. पुढे तो शिवडीकडे हलविला आणि नाव सोबत घेऊन गेला. हार्बर मार्गावर त्या नावाचे स्थानक आहे, कापसाच्या सौद्यांसाठी बांधलेली भव्य इमारतही आहे. पण तो जुना गजबजाट नाही. लांबच लांब गोदामांच्या भिंतींकडे पाहत ‘हे’ बराच वेळ उभे राहिले. “आपल्या गाठी इथंच यायच्या,” एवढेच म्हणाले. दोन दिवसांत यांचा चेहरा इतका निवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्या रात्री त्यांना चार क्विंटलांवर गाढ झोप लागली.

आता वाचक विचारतील, जावे का अशा ठिकाणी? माझे उत्तर असे. राहायलाच हवे असे नाही. पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये चहा घेऊनही घुमटाखालचे वैभव पाहता येते. तोही चहा स्वस्त नाही, पण वर्षातून एकदा झेपेल. मात्र जाल तेव्हा अंग चोरून जाऊ नका. हे शहर आपल्या आजा-पणज्यांनी पिकविलेल्या, वेचलेल्या, गाडीबैलाने ओढलेल्या कापसावर मोठे झाले आहे. तिथे जाणारा वऱ्हाडी माणूस आगंतुक नव्हे. आणि परत आलात की कापसाचा भाव तेवढा वर्तमानपत्रात वाचीत जा; लोणारच्या त्या मुलाचे शेत त्याच भावावर टिकायचे आहे.

आमच्या घरी रोजच्या खर्चाची वही असते. जिनिंगमधली ही सवय यांना अजून सुटलेली नाही. खामगावला पोहोचल्यावर त्यांनी ती उघडली आणि लिहिले, “मुंबई, ताजमहाल, दोन रात्री : आठ क्विंटल.” मी खांद्यावरून डोकावून पाहिले. नोंद खर्चाच्या बाजूला नव्हती. जमेच्या बाजूला होती.