वाघ वाट चुकत नाही

‘वाट चुकलेला वाघ गावात शिरला.’ चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, यवतमाळकडच्या बातम्यांत हे वाक्य इतक्यांदा वाचायला मिळतं की त्यात काही खटकण्यासारखं आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही. जंगल वाघाचं, गाव माणसाचं. तेव्हा गावाजवळ दिसलेला वाघ एकतर भरकटलेला असणार, नाहीतर माणसाच्या मागावर आलेला, असं आपण धरून चालतो. वाघाबद्दलचे बाकीचे बरेचसे गैरसमज या एकाच समजुतीला चिकटून वाढले आहेत, म्हणून सुरुवात तिच्यापासून. (इथे बोलणं पट्टेरी वाघाबद्दल आहे. जुन्नर-नाशिककडच्या उसात दिसतो तो बिबट्या. त्याची जात वेगळी, सवयी वेगळ्या आणि प्रश्नही वेगळे.)

वाघीण गाभण राहिल्यापासून साडेतीन महिन्यांत विते. दोन ते चार पिल्लं होतात, जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात. आई त्यांना दाट झुडपात किंवा कपारीत लपवून शिकारीला जाते आणि धोका वाटला की एकेकाला तोंडात धरून जागा बदलते. पुढची दीड-दोन वर्षं शिकण्यात जातात: दबा कसा धरायचा, वारा कुठून येतोय ते कसं ओळखायचं, सांबराच्या मानेला नेमकं कुठे धरायचं. मग एक दिवस आई त्यांना जवळ करेनाशी होते. मादीला बरेचदा आईच्या हद्दीला लागूनच जागा मिळते. नराला ती सोय नसते, कारण तिथे आधीच एक दांडगा नर असतो आणि तो वयात आलेल्या दुसऱ्या नराला ठेवून घेत नाही. थांबला तर मारला जाईल, म्हणून तो निघतो.

‘एवढं मोठं जंगल आहे, तिथेच राहावं की त्याने,’ असं आपल्याला वाटतं. पण वाघाची जागा जंगलाच्या क्षेत्रफळापेक्षा तिथल्या चितळ-सांबरांवर ठरते. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांचा हिशेब सरळ आहे: एका वाघाला वर्षाकाठी हरणाएवढी सुमारे ५० जनावरं लागतात, आणि तेवढी मारल्यावरही कळप टिकायचे असतील तर त्याच्या वाट्याला ५०० जनावरं असावी लागतात. ताडोबाचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या जागा भरलेल्या आहेत, आणि त्या तशा भरल्या हे संरक्षणाचं यश आहे. दरवर्षी वयात येणाऱ्या पोरांनी बाहेर पडणं हा त्या यशाचाच पुढचा भाग.

जागा भरली आहे हे नव्या वाघाला भांडणाआधीच कळतं. हद्दीवरच्या झाडाच्या बुंध्यावर वाघ शेपटी उभारून मागच्या बाजूने फवारा मारतो. त्यात मूत्राबरोबर स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे वास बरेच दिवस टिकतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी या वासाच्या अभ्यासात आयुष्य घातलं. त्यांना त्यात जे रसायन सापडलं तेच बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला सुगंध देतं. फवारा ताजा असला तर बुंध्याजवळ खरोखरच भात शिजत असल्यासारखा वास येतो. माणसाला तो नुसता वास. तरुण वाघाला मात्र इथे कोण राहतं आणि ते कधी येऊन गेलं, हे त्यातून कळतं.

असा निघालेला वाघ किती चालतो? यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका नराला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडलं. तेलंगणातल्या आदिलाबादकडून परत महाराष्ट्रात येऊन, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत त्याने ३,००० किलोमीटरहून अधिक अंतर कापलं. ‘वॉकर’ हे नाव त्याला उगाच पडलं नाही. ही वाट घनदाट अरण्यातून गेलेली नव्हती. नाले, नदीकाठ, झुडपी जंगल, कपाशी-तुरीची वावरं, डांबरी रस्ते, गावठाणाच्या कडा, सगळं त्यात आलं. दिवसा तो कुठेतरी झुडपात पडून राही आणि रात्री चालत असे. एवढ्या प्रवासात एकदाच एक माणूस जखमी झाला, तोही वाघ झोपलेल्या झुडपात काही लोक शिरले म्हणून. हजारो माणसं या वाघाच्या हाकेच्या अंतरावर झोपली, उठली, शेतात गेली, आणि त्यांना पत्ताही लागला नाही. बातमीत येतो तो दिसलेला वाघ. न दिसता निघून जाणारे कितीतरी जास्त.

आता दुसरा समज, आणि तो जिवाशी गाठ असलेला आहे: ‘वाघाच्या तोंडाला माणसाचं रक्त लागलं की तो दुसरं काही खात नाही.’ माणसाच्या रक्ताची किंवा मांसाची अशी कुठलीही चटक नसते. नेपाळ आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसं मारल्याचं जिच्याबद्दल सांगितलं जातं, ती चंपावतची वाघीण शिकारी जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारली, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले निघाले. नेहमीची शिकार धरणंच तिला अशक्य झालं होतं. जखम, म्हातारपण, साळिंदराचे काटे पायात रुतून झालेल्या खोल जखमा, अशी कारणं कॉर्बेटला पुन्हापुन्हा दिसली. काही वाघ माणसाला सोपी शिकार समजायला लागतात हेही खरं आहे. असा वाघ ओळखून पकडावा लागतो आणि त्यात चालढकल करता येत नाही. पण विदर्भात जे हल्ले होतात त्यांतले बरेच नरभक्षकाचे नसतात.

मोहफुलांचे दिवस डोळ्यांसमोर आणा. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्री गळतात, म्हणून वेचणाऱ्या बाया पहाट फुटायच्या आत टोपली घेऊन निघतात. उशीर केला तर चितळं आणि रानडुकरं फुलं संपवतात. अंधार सरलेला नसतो, बाई ओणवी असते, नजर जमिनीवर आणि हात पाचोळ्यात. फुलांना आलेल्या चितळांमागे वाघही तिथेच कुठेतरी असतो. उभा माणूस हे वाघाच्या ओळखीचं सावज नाही, बहुतेक वेळा तो बाजूला होतो. वाकलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याची उंची जनावराएवढी, आवाज पाचोळ्याचा, आणि पाठ वळलेली. पुढे तेंदूपत्त्याच्या हंगामात हेच घडतं. ‘जंगलात जाता कशाला?’ असं शहरातून विचारणं सोपं आहे. मोहफूल आणि तेंदू ही त्या घरांची वर्षाची रोकड असते, आणि सरपण रोज लागतं. चारचौघांनी मिळून जाणं, एकाने उभं राहून लक्ष ठेवणं, बोलत-आवाज करत फिरणं, उजाडल्यावरच वेचायला सुरुवात करणं यांनी धोका खरोखर कमी होतो. ब्रह्मपुरी भागातल्या गावांत तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. वाघ दिसला की गर्दी आवरणं हे त्यांचं पहिलं काम, कारण शंभर लोकांनी घेरलेला, मोबाइलच्या गराड्यात सापडलेला वाघच सगळ्यात धोकादायक असतो.

हल्ला झाला की मागणी येते: पकडा आणि दूर नेऊन सोडा. तिच्यामागचं दुःख खरं आहे, उपाय मात्र बरेचदा उलटतो. २०१७ च्या जुलैत ब्रह्मपुरीकडे पकडलेली एक तरुण वाघीण वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली. ती तिथे ठरली नाही. काहीशे किलोमीटर भटकली, वाटेत माणसांचे जीव गेले, आणि ऑक्टोबरात रानडुकरांसाठी शेताच्या तारेत सोडलेल्या करंटने ती मेली. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून ओडिशातल्या सातकोसियाला नेलेल्या जोडीचंही असंच झालं: नर फासात अडकून मेला आणि वाघिणीला परत पकडून पुढे मध्य प्रदेशात आणावं लागलं. शिवाय मोकळी झालेली मूळ जागा दुसरा वाघ भरतोच. स्थलांतर कधीच करू नये असं मात्र नाही. मध्य प्रदेशातल्या पन्नातले सगळे वाघ संपल्यावर २००९ पासून बाहेरून वाघ आणून तिथली वस्ती पुन्हा उभी राहिली. नवेगाव-नागझिऱ्यात २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी सोडल्या. भक्ष्य भरपूर, वाघ थोडे, अशी जागा आधी शोधून, गावांशी बोलून केलेलं काम वेगळं आणि लोकक्षोभ शमवण्यासाठी पिंजरा रिकामा करणं वेगळं.

करंटचा उल्लेख वर आला. वाघ फक्त कातड्यासाठी मारला जातो हाही एक समजच आहे. शिकारी टोळ्यांचे लोखंडी सापळे अजून सापडतात, पण पीक राखायला थेट खांबावरून आकडा टाकून तारेत सोडलेली वीजही वाघ मारते, आणि कधी शेजारच्या शेतकऱ्यालाही. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे असाच गेला. सौर बॅटरीवरचं झटका मशीन डुकराला हाकलतं, जीव घेत नाही. वाघ वाचवण्याच्या खर्चात अशा मशीनवरचं अनुदान मला सगळ्यात वरच्या ओळीत दिसायला हवं.

काही समज थोडक्यात मिटवता येतात. वाघाची मिशी पोटात गेली तर माणूस मरतो, यात तथ्य नाही, ते केसच आहेत. वाघनखाच्या लॉकेटने भीती जाते म्हणून पोराच्या गळ्यात घालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ते खरं असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि बाजारात मिळणारी बरीचशी शिंगाची बनवलेली असतात. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. एका जनुकातल्या बदलाने नेहमीचाच वाघ तसा जन्मतो. प्राणिसंग्रहालयांतले पांढरे वाघ नात्यातल्या नात्यात जोड्या लावून वाढवलेले आहेत, त्यातून अनेकांना व्यंगं आली, आणि संवर्धनाशी त्यांचा संबंध नाही. वाघ पाण्याला भितो हेही खोटं. उन्हाळ्यात ताडोबाच्या पाणवठ्यावर तो बरेचदा उलट्या पावली, आधी मागचं अंग टेकवत पाण्यात बसतो आणि तोंड कोरडं ठेवून तासन्‌तास तसाच राहतो.

वाघ पावलांच्या ठशांवरून मोजतात, हा समज एकेकाळी खरा होता. त्या पद्धतीने कागदावर वाघ दिसत राहिले आणि राजस्थानातल्या सरिस्कात २००५ मध्ये एकही उरला नसल्याचं उघड झालं. आता जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो तपासतात. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, त्यामुळे एकेक वाघ वेगळा ओळखता येतो. या पद्धतीने २००६ मध्ये देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २०२२ मध्ये तो सरासरी ३,६८२ झाला, आणि महाराष्ट्राचा आकडा १०३ वरून ४४४ वर गेला.

या आकड्यांतून सगळ्यात नवा गैरसमज आला आहे: वाघ वाचला, आता एवढं कशाला? जावा, बाली आणि कास्पियनकाठचे वाघ गेल्या शतकात संपले. कंबोडियात जंगली वाघ उरलेला नाही. जगातल्या जंगली वाघांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. आणि आपले वाघही तुकड्यातुकड्यांच्या जंगलांत राहतात. तुकड्यांमधली वाट तुटली तर आत राहिलेल्यांत नात्यातल्याच जोड्या होणार आणि बाहेर निघालेले गाडीखाली किंवा तारेवर मरणार. वॉकर ज्या नाल्यांनी आणि झुडपी जंगलांनी गेला, ती सरकारी नकाशावर ‘पडीक’ दिसतात, म्हणून खाण, वसाहत, कालवा, रस्ता असं काहीही तिथेच सुचतं.

पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गाचं चौपदरीकरण आलं तेव्हा न्यायालयात वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी रस्ता काही ठिकाणी खांबांवर उचलला गेला आणि खालून प्राण्यांसाठी ५० ते ७५० मीटर रुंद वाटा सोडल्या. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघासह १८ जातींचे वन्यप्राणी त्या वाटांनी ये-जा करताना आढळले. विदर्भात सध्या रस्ते, रेल्वे आणि कालव्यांची जी कामं वाघांच्या वाटा तोडतात, त्यांच्या पहिल्याच आराखड्यात ही खालची वाट आणि तिचा खर्च लिहिलेला असायला हवा, कुणी न्यायालयात जायच्या आधी.