आयपी बदलावा, पण किती वेळा?

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी डेटा हवा म्हणून हॉस्टेलवर बरेच जण पानं उतरवणारी स्क्रिप्ट लिहितात. शे-दोनशे पानं होतात न होतात तोच सर्व्हर सुनावतो: ४२९, टू मेनी रिक्वेस्ट्स. मग शेजारच्या रूममधून सल्ला येतो, "अरे, रोटेटिंग प्रॉक्सी लाव ना!" आता प्रश्न, आयपी किती वेळाने बदलायचा?

रोटेटिंग प्रॉक्सी म्हणजे मधला निरोप्या. निरोप तुमचाच, पण पाठवणाऱ्याचा पत्ता तो बदलत राहतो. किती वेळा बदलायचा, हे घड्याळावर नाही, कामावर ठरतं.

लॉगिन नाही, प्रत्येक पान सुटं, अशा कामात दर रिक्वेस्टला आयपी बदलला तरी बिघडत नाही. पण लॉगिन करून चार पानांचा फॉर्म भरायचा असेल, तर तो संपेपर्यंत आयपी एकच हवा. याला स्टिकी सेशन म्हणतात. कुकी तीच, पण पत्ता आत्ता पुण्याचा आणि पुढच्या सेकंदाला ब्राझीलचा, असं दिसलं की सेशन चोरीला गेलं असं समजून बऱ्याच साइट्स लॉगआउट करतात. टॉरचं मूळ सेटिंग इथे बघण्यासारखं आहे. १० मिनिटं वापरलेल्या सर्किटवर तो नवं कनेक्शन टाकत नाही, पण चालू कनेक्शन मध्येच तोडतही नाही. थोडक्यात, बदल दोन कामांच्या मध्ये करा, कामाच्या मध्ये नको.

मित्रांनो, मुळात ४२९ ही पत्त्याबद्दलची तक्रार नाही, वेगाबद्दलची आहे. उत्तरासोबत बऱ्याचदा 'रिट्राय-आफ्टर' हा हेडर येतो. किती सेकंद थांबायचं ते त्यात लिहिलेलं असतं. तेवढं थांबा. रोबोट्स डॉट टीएक्सटी वाचा, एपीआय आहे का बघा, दोन रिक्वेस्टमध्ये दोन-तीन सेकंद सोडा. पत्ते शंभर घेतले तरी सर्व्हरवरचा भार तेवढाच राहतो.

आणि प्रॉक्सी न लावता स्क्रिप्ट सुसाट सोडली तर? आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सुमारे ४.३ अब्ज, त्यांचा जागतिक साठा २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून नॅट लावून अख्खं हॉस्टेल एक-दोन पब्लिक आयपींवर चालवतात. एकाची स्क्रिप्ट ब्लॉक झाली की ती साइट सगळ्यांनाच बंद, मग परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख का असेना.

तेव्हा आयपी बदलण्याआधी स्क्रिप्टमध्ये स्लीपची एक ओळ घाला. बहुतेक प्रोजेक्टना तेवढी पुरते.