हवेचा पाइप पोटमाळ्यात सोडू नका

वाकोल्याच्या गल्ल्यांत एका खोलीवर दुसरी खोली चढवलेली घरे पुष्कळ आहेत. खाली संडास आणि मोरी, वर आणखी एक मोरी, तिच्यावर पोटमाळा आणि शेवटी पत्रा. अशा घरात काम करणाऱ्या आपल्या प्लंबर बांधवांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "भाई, ज्या पाइपातून पाणीच जात नाही, त्याचे पैसे कशाला?" गिऱ्हाईक हवेच्या पाइपाबद्दल, म्हणजे व्हेंटबद्दल बोलत असते. प्रश्न रास्त आहे. मात्र कारागिराला त्याचे उत्तर देता आले नाही की तो पाइप पत्र्याखाली, पोटमाळ्यातच कापून सोडला जातो. असे काम आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

उत्तर अवघड नाही. नहाणी ट्रॅपमध्ये आणि संडासाच्या भांड्यात सुमारे दोन इंच, म्हणजे 50 मिलिमीटर पाणी कायम साचलेले असते. गटारातला वायू आणि आपले घर यांच्यामध्ये एवढाच पडदा. वरच्या संडासात फ्लश केला किंवा मोरीत भरलेली बादली एकदम ओतली की पाणी पाइप भरून खाली धावते आणि आपल्या मागे हवा ओढून घेते. ही हवा छतावरून मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर ती जवळच्या ट्रॅपमधून खेचली जाते आणि ट्रॅपमधले पाणीही तिच्याबरोबर जाते. मोरीत 'गुडगुड' असा आवाज येतो तो याचाच. त्यानंतर सुटणाऱ्या दुर्गंधीवर फिनेल ओतून काही उपयोग होत नाही.

मुंबईच्या जुन्या मिस्त्रींना हे पक्के ठाऊक होते. भेंडी बाजार, मोहम्मद अली रोडच्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला बीडाचे पाइप भिंतीवरून थेट छताच्या वर गेलेले दिसत. संडासाची लाइन वेगळी, मोरीची वेगळी आणि दोन्हींची तोंडे आकाशात उघडी. बीड जाऊन पीव्हीसी आले, काम सोपे झाले, आणि सोपे झाले म्हणूनच कदाचित वरचा तुकडा गाळण्याची सवय लागली.

आता मुद्द्याची गोष्ट. घरात दोन मोऱ्या आणि एक संडास असेल तर पत्र्याला तीन भोके पाडायची का? पत्र्याचे प्रत्येक भोक म्हणजे पावसाळ्यातली एक गळती, त्यामुळे घरमालक नाराज होतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. यावर तोडगा असा की तिन्ही हवेचे पाइप पोटमाळ्यात वळवून एकत्र करावेत आणि एकच पाइप छताबाहेर काढावा. हे नियमाला धरूनच आहे, परंतु करण्याची रीत आहे.

पाइप एकमेकांना कुठे जोडले जातात याला फार महत्त्व आहे. सर्वांत वरच्या बेसिनची किंवा भांड्याची कड जिथे येते, तिच्या निदान सहा इंच वरच जोड यावा. जोड खाली दिला आणि लाइन तुंबली, तर घाण पाणी हवेच्या पाइपात चढते, तिथे गाळ बसतो आणि पाइप आतून बंद होतो. बाहेरून मात्र सारे ठाकठीक दिसते. पोटमाळ्यातून आडवा नेलेला पाइप सपाट ठेवू नये. त्यात वाफेचे पाणी जमते, ते परत खालच्या लाइनीत उतरेल असा ढाळ हवा. पत्र्याखाली उन्हाळ्यात इतके तापते की पीव्हीसी मध्येच झोळ खातो आणि त्या झोळात पाणी साचून हवेची वाट अडते. म्हणून दर दोन-अडीच फुटांवर क्लॅम्प मारावा. बाहेर जाणारा एक पाइप आत आलेल्यांपैकी सर्वांत मोठ्यापेक्षा लहान असू नये. संडासाची 110 मिलिमीटरची लाइन वर 50 ची करून काढणे म्हणजे पैसे वाचवल्याचा भास आहे.

बाहेरचे तोंड किती उंच असावे? राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उतरत्या छपराच्या वर किमान 60 सेंटिमीटर. लोक वावरतात अशी सपाट गच्ची असेल तर 2 मीटर. वाकोल्यात शेजाऱ्याची खिडकी हाताच्या अंतरावर असते, म्हणून तिसरी अटही लक्षात ठेवावी : 3 मीटरच्या आत खिडकी असल्यास पाइप तिच्या माथ्यापेक्षा 2 मीटर उंच न्यावा. शेजाऱ्याशी होणारे निम्मे तंटे इथेच मिटतील.

गॅस गिझरचा धूर या पाइपात कधीही सोडू नये. तो विषारी असतो, बंद मोरीत जीव घेतो, आणि त्याची वाट स्वतंत्रच हवी. एक्झॉस्ट पंखाही याला जोडू नये. 2003 साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण 300 हून अधिक लोकांना झाली. तपासात ज्या कारणांवर बोट ठेवले गेले त्यांत न्हाणीघरांतले सुकलेले ट्रॅप आणि त्यांतून दूषित हवा आत ओढणारे एक्झॉस्ट पंखे होते.

पोटमाळ्यात पाइप उघडा सोडण्याला आमचा एवढा विरोध का, तेही सांगतो. आपल्या वस्त्यांत पोटमाळा ही अडगळीची जागा नसते. तिथे शिलाईची मशीन चालते, जरीचा अड्डा मांडलेला असतो, रात्री पोरे तिथेच झोपतात. गटाराचा वायू त्यांच्या उशाशी सोडला जातो.

पावसाळ्यात तर हे आणखी वाईट. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो. तो भरला की चेंबर भरतात आणि लाइनीतली हवा उलटी वर येते. 26 जुलै 2005 रोजी शेजारच्याच सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो इथल्या लोकांना सांगायला नको. नेमक्या याच दिवसांत छतावर निळे प्लास्टिक किंवा ताडपत्री पसरून विटांनी दाबतात आणि पाइपाचे तोंड तिच्याखाली जाते. मग चार महिने व्हेंट असून नसल्यासारखा.

काम संपल्यावर गिऱ्हाइकाला समोर उभे करून तपासणी करावी. एका मोरीत बादली जोरात ओतावी आणि दुसऱ्या मोरीच्या ट्रॅपमधले पाणी पाहावे. ते जागचे हलले नाही की पैसे कशाचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. अंदाजपत्रकात हवेच्या पाइपाचे सामान आणि मजुरी वेगळ्या ओळीत लिहावी, एकूण रकमेत दडवू नये. महापालिकेच्या मलवाहिनीला हात लागणार असेल तर परवानाधारक प्लंबरमार्फतच काम करावे.

आणखी एक धंद्याची गोष्ट. मे महिन्यात ताडपत्री टाकणारे लोक घरोघर फिरतात. त्यांच्याशी बोलून ठेवा : पाइपाभोवती प्लास्टिक कापून, तोंड वर काढून, रबरी पट्टीने आवळून द्यायचे. नागदेवी स्ट्रीटवरून काऊल आणि क्लॅम्प आधीच आणून ठेवले तर पावसाच्या आधी दहा-बारा घरांचे हे छोटे काम सहज हाताला लागते.