नरकाचें भय आणि धर्माचा प्रसार

गेल्या चातुर्मासांतील गोष्ट. आमच्याकडे एक सुविद्य ख्रिस्ती तरुण आला होता. बोलणें नम्र, वागणूक सालस. निघतांना त्यानें एक लहानसें पत्रक आमच्या हातीं दिलें. वर ज्वाळांचें चित्र होतें, आणि आंतील आशय असा कीं, ख्रिस्तावर विश्वास न ठेवतां जो मरेल त्यास अनंतकाळ अग्नींत राहावें लागेल. घरांतील आजींनीं चष्मा लावून तें पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलें आणि शांतपणें विचारलें, "अरे बाळ, मग आमच्या घरचे जे गेले, ते सगळे आतां तेथेंच आहेत म्हणावयाचे का?" तो तरुण गोरामोरा झाला. "आजी, तसें नव्हे..." एवढेंच म्हणून तो थांबला. पुढें काय बोलावें हें त्यास सुचलें नाहीं.

आजींच्या या प्रश्नानें आम्हांस विचार करावयास लाविलें. नरकाचें भय दाखवून ख्रिस्ती धर्म सांगणें ही रीत चांगली आहे काय? हा प्रश्न आम्ही त्या धर्माची निंदा करण्यासाठीं घेतलेला नाहीं. खुद्द ख्रिस्ती विचारवंतांनींच शतकानुशतकें त्याची चर्चा केली आहे. ती आमच्या वाचकांस बोधप्रद होईल असें वाटतें.

आजींचा प्रश्न नवा नव्हे. गोव्यांत १५४२ सालीं आलेले सेंट फ्रान्सिस झेवियर हे १५४९ च्या ऑगस्टांत जपानांतील कागोशिमा बंदरीं उतरले. गोव्यांतच बाप्तिस्मा घेतलेला एक जपानी गृहस्थ त्यांच्यासमवेत होता. सुमारें सव्वादोन वर्षें तेथें उपदेश करून ते परतले आणि १५५२ च्या जानेवारींत कोचीन येथून त्यांनीं युरोपांतील आपल्या बांधवांस सविस्तर पत्र लिहिलें. त्यांत ते सांगतात कीं, नव्यानें ख्रिस्ती झालेल्या जपानी लोकांस एकच दुःख फार जाळीत असे. आपले मृत आईबाप, बायकामुलें आणि पूर्वज यांची नरकांतून सुटका कशी होईल, असें ते विचारीत. दानधर्म केला, प्रार्थना केल्या, तर त्यांस कांहीं उपयोग होईल काय? झेवियरनीं उत्तर दिलें कीं, उपाय नाहीं. तें ऐकून ते लोक रडत, आणि आपले प्रिय स्नेही असे रडतांना पाहून आपणांसही वाईट वाटतें, अशी कबुली या थोर प्रचारकानें स्वतःच दिली आहे.

जपानांत पितरांचा उत्सव मोठ्या श्रद्धेनें होतो. आपल्याकडील पितृपक्षाची ज्यांस ओळख आहे, त्यांस त्या अश्रूंचा अर्थ निराळा सांगावयास नको. एकट्या जिवाचें तारण त्या लोकांना हवें होतें, परंतु घरचीं माणसें मागें टाकून मिळणारें तारण त्यांस अपुरें वाटलें. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वांत धर्मराजाचीही हीच अवस्था होते. स्वर्गांत दुर्योधन वैभवांत बसलेला दिसतो, पण भाऊ आणि द्रौपदी दिसत नाहींत. देवदूत त्यास नरकाच्या वाटेनें नेतो. तेथें आपल्या माणसांचे आवाज ऐकतांच धर्मराज स्वर्ग नाकारतो आणि तेथेंच राहण्याचा निश्चय करितो. ज्या समाजानें ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकली, त्यास "तूं एकटा वांच" ही हांक गोड कशी लागावी?

आतां दुसरी बाजूही न्यायबुद्धीनें ऐकली पाहिजे. श्रद्धावान् ख्रिस्ती मनुष्य म्हणेल, "शेजारचें घर पेटलें आहे, आंत माणसें झोंपलीं आहेत, अशा वेळीं ओरडून जागें करणें हें क्रौर्य कीं दया?" या युक्तिवादांत तथ्य आहे. नरक आहे अशी ज्याची खरोखर निष्ठा आहे, त्यानें मौन धरावें अशी अपेक्षा करणें म्हणजे त्यास अप्रामाणिक होण्यास सांगणें होय. शिवाय भयाचा उपदेश निष्फळ ठरला असेंही म्हणतां येत नाहीं. वर सांगितलेलें दुःख उरांत घेऊनही पुष्कळ जपान्यांनीं तो धर्म स्वीकारला.

परंतु इशारा आणि धमकी यांत अंतर आहे. वैद्य रोग्यास पथ्य मोडल्याचा परिणाम सांगतो, तेव्हां त्याचा हात रोग्याच्या नाडीवर असतो. सावकार जप्तीची भीति घालतो, तेव्हां त्याची दृष्टि स्वतःच्या येण्यावर असते. शब्द कदाचित् एकच असतील, पण ऐकणारास भेद तत्काळ कळतो. पत्रक देणारा मनुष्य आपल्या सुखदुःखाची चौकशी न करतां एकदम ज्वाळांचें चित्र पुढें करितो, तेव्हां त्याच्या मनांत कितीही कळवळा असला तरी तो आपल्यापर्यंत पोहोंचत नाहीं.

भयाचें औषध प्रमाणाबाहेर गेलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. जोनाथन एडवर्ड्‌स हे तेथील अत्यंत बुद्धिमान् धर्मोपदेशक होते. १७४१ च्या ८ जुलै रोजीं एन्‌फील्ड गांवीं त्यांनीं कोपलेल्या ईश्वराच्या हातीं सांपडलेल्या पापी जनांविषयीं जें प्रवचन केलें, तें अद्यापि प्रसिद्ध आहे. श्रोत्यांत इतका आक्रोश झाला कीं, त्यांस मध्येंच थांबावें लागलें. पण याच्या सहा वर्षें आधीं, त्यांच्या स्वतःच्या नॉर्दॅम्प्टन गांवीं धर्मजागृतीची लाट आली असतां, त्यांच्याच नात्यांतील जोसेफ हॉली नांवाच्या प्रतिष्ठित गृहस्थानें, आपल्या आत्म्याची गति काय होणार या चिंतेनें निराश होऊन, १७३५ च्या जूनमध्यें आत्महत्या केली. गांवांतील इतरांच्याही मनांत तसेच विचार येऊं लागले आणि जागृतीची लाट ओसरली. हें सर्व एडवर्ड्‌स यांनीं स्वतःच प्रामाणिकपणें लिहून ठेविलें आहे. हॉली यांचा स्वभाव मूळचाच विषण्ण होता, असेंही ते सांगतात. आम्ही म्हणतों, हीच तर खरी अडचण आहे. भयाचा उपदेश निर्ढावलेल्या मनावरून ओघळून जातो, आणि हळव्या मनास मात्र खोल जखम करितो. ज्यास तो हवा, त्यास तो लागत नाहीं.

मूळ ग्रंथ तरी काय सांगतो? येशूच्या मुखीं नरकाची भाषा नाहीं असें कोणी म्हणेल तर तें चूक आहे. यरुशलेमाजवळील एका दरीच्या नांवावरून पडलेला 'गेहेन्ना' हा शब्द नव्या करारांत १२ वेळां येतो, आणि त्यांपैकीं ११ वेळां तो येशूच्याच बोलण्यांत आहे. परंतु तो कोणास उद्देशून आहे हें पाहण्याजोगें आहे. तो बहुतेक स्वतःच्या शिष्यांस आणि धर्माचा अभिमान मिरविणाऱ्या शास्त्री-परूशांस उद्देशून आहे. परधर्मीयांस धर्म सांगावयास निघालेल्या पौलाच्या पत्रांत हा शब्द एकदांही येत नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांत त्यांचीं इतकीं भाषणें आहेत, त्यांतही तो नाहीं. अथेन्स नगरींत पौल न्यायाच्या दिवसाची गोष्ट काढतो खरी, पण तीही शेवटीं. आरंभ करितो तो त्या लोकांच्याच अज्ञात देवाच्या वेदीपासून आणि त्यांच्याच कवींच्या वचनांपासून. एका शमरोनी गांवानें येशूस थारा दिला नाहीं, तेव्हां आकाशांतून अग्नि पाडावा काय असें शिष्यांनीं विचारलें, आणि गुरूनें त्या गांवास नव्हे, शिष्यांसच दटाविलें.

पुढें ख्रिस्ती जगांतच या मतावर मोठा खल झाला. १८५३ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील प्राध्यापक एफ्. डी. मॉरिस यांस, शिक्षा अनंतकाळ टिकते या रूढ समजुतीबद्दल शंका प्रकट केल्यामुळें पद सोडावें लागलें. १८७७ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबींत फ्रेडरिक फॅरार यांनीं, मृत्यूबरोबर सर्व आशा संपते हें मत नाकारणारीं प्रवचनें दिलीं. हे फॅरार एका मिशनऱ्याचे पुत्र असून त्यांचा जन्म १८३१ सालीं आपल्या मुंबईंतच झाला होता. १९६४ सालीं रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें असें मान्य केलें कीं, ज्यांस स्वतःच्या दोषावांचून ख्रिस्ताची ओळख झाली नाहीं, पण जे सरळ मनानें ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकास अनुसरतात, त्यांसही तारण मिळूं शकतें. झेवियरपुढें रडणाऱ्या जपान्यांस हें उत्तर मिळण्यास चारशें वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो? पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. लंडनांतील फुलहॅम येथें पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांस ख्रिस्ती भगिनी ममतेनें सांभाळीत असलेल्या पाहून आपलें मन वळलें, असें त्यांनीं सांगितलें आहे. नारायण वामन टिळक यांस आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें ते मोहित झाले आणि १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यामुळें घरावर केवढा प्रलय कोसळला, हें लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' वाचणारांस ठाऊक आहे. पुढें १९०० सालीं लक्ष्मीबाईही त्याच धर्मांत गेल्या. या मंडळींचा निर्णय कोणास रुचो वा न रुचो, त्यांस ज्वाळांच्या चित्रानें ओढून नेलें नाहीं, एवढें निश्चित.

येथें आपण स्वतःकडेही पाहिलें पाहिजे. भागवताच्या पंचम स्कंधांत २८ नरकांचें वर्णन आहे, आणि घरीं मृत्यु घडल्यावर सुतकाच्या दिवसांत गरुडपुराण वाचण्याची चाल आपल्यांत आहे. आपले नरक भोग सरतांच संपतात, हा भेद खरा. पण दुःखानें आधींच खचलेल्या सुनेसमोर यमयातनांचीं वर्णनें वाचतांना, किंवा लहान मुलास खोटें बोललास तर उकळत्या तेलांत टाकतील असें सांगतांना, आपणही तेंच पत्रक वांटीत असतों. भयानें लागलेलें वळण भय संपेपर्यंतच टिकतें. मूल मोठें होतें, तेल खोटें ठरतें, आणि त्याबरोबर सत्यही खोटें वाटूं लागतें.

सारांश, ज्याची निष्ठा आहे त्यानें ती अवश्य सांगावी, परिणामही लपवूं नये. पण प्रथम प्रेम, मग विश्वास, आणि इशारा द्यावयाचाच तर तो त्यानंतर, स्वतःसही त्याच न्यायासनापुढें उभें करून द्यावा. मेलेल्यांचा निवाडा तर कोणीच आपल्या हातीं घेऊं नये.

तो तरुण महिन्याभरानें पुन्हां आला. या खेपेस त्याच्या हातांत पत्रक नव्हतें. आजींपाशीं बसून तो म्हणाला, "आजी, तुमच्या माणसांचा न्याय करणारा मी कोण? तो देवच जाणे. मला त्या दिवशीं हें सांगतां आलें नाहीं." आजींनीं त्यास चहा दिला, आणि मग म्हणाल्या, "बरें, आतां सांग, तुझा येशू माणसांशीं कसा वागत असे?"